पेनस्टेमॉन: कात्रीची घाई नडली

इंग्लंडात आलो त्या पहिल्याच ऑक्टोबरात पेनस्टेमॉन या फुलझुडपाची तिन्ही झाडं जमिनीलगत छाटून मोकळा झालो. आपल्याकडे गुलाब छाटतात तसं, मोठ्या उत्साहात! जानेवारीच्या थंडीत दोन गेली. उरलं ते 'गार्नेट' जातीचं, मुळातच चिवट.

आता हिवाळाभर वाळक्या काड्या तशाच ठेवतो. बाग भकास दिसते खरी, पण तेच झाडाचं पांघरूण. एप्रिलमध्ये बुडाशी तांदळाएवढे हिरवे कोंब दिसले की त्यांच्या जरा वर कात्री. खाली कोंबच नसतील तर सगळ्यात खालच्या पानांच्या वर कापतो. आमची माती चिकण, पाणी धरणारी. म्हणून बारीक खडी मिसळली. शिवाय ऑगस्टअखेर बिनफुलाच्या चार फांद्या कुंडीत खोचून ठेवतो. न जाणो!