जूनमधलं अलॉटमेंट: मेथीचा वाफा मुलांकडे द्या

ब्रिटनमधल्या अलॉटमेंटचा, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा, पूर्ण तुकडा साधारण 250 चौरस मीटरचा असतो. दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतला तरच तो झेपतो. जूनच्या सुरुवातीला, पाला करपवणाऱ्या थंडीची भीती सरली की मीटरभर लांब-रुंद वाफा मुलांच्या ताब्यात द्या आणि त्यात मेथीच पेरा, कारण ती फार लवकर हाती येते. किराणा दुकानातले दाणे चालतात. मूठभर दाणे रात्रभर भिजवा, 1 सेंमी खोल, दाट ओळींत पेरा. आठवड्याभरात उगवते, चौथ्या आठवड्यात भाजीपुरती जुडी निघते.

कोथिंबीर मात्र दगा देते. तिथला लांबलचक दिवस आणि कोरडी माती मिळाली की ती पानं सोडून फुलोऱ्यावर जाते. धणे रगडून फोडा आणि घेवड्याच्या सावलीत, दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरा. रोपं उपटून लावू नका, मूळ दुखावलं की फुलोरा आणखी लवकर येतो.

पाणी सकाळीच घाला. संध्याकाळी भिजलेल्या मातीवर रात्री गोगलगायी येतात आणि कोवळा घेवडा देठापासून फस्त करतात.