ग्रासकटर-चेनसॉसाठी पेट्रोल: कोणतं घ्यावं, कसं मिसळावं आणि कधी टाकून द्यावं

बेणणीच्या, म्हणजे गवत-तण काढण्याच्या दिवसांत कोकणातल्या दुरुस्तीच्या दुकानांत दोन तऱ्हेची मशिनं रांगेत असतात: पिस्टन धरलेली आणि दोरी ओढून हात दुखले तरी सुरू न होणारी. मालक मशिनाला दोष देतो, मेकॅनिक ऑइलला. पुष्कळदा खरी गडबड पेट्रोलची असते, आणि ती मशीन घेणाऱ्याला कुणी सांगितलेली नसते.

आधी मशीन टू-स्ट्रोक आहे ना, हे पाहा. टाकीच्या झाकणावर पंपाच्या चित्राशेजारी तेलाची खूण असेल किंवा ५०:१ असं काही छापलेलं असेल, तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. होंडाच्या जीएक्स३५ सारख्या फोर-स्ट्रोक इंजिनात साधं पेट्रोल जातं आणि इंजिन ऑइल वेगळं भरावं लागतं. चेनसॉला दोन झाकणं असतात. दुसरं चेन ऑइलचं.

१. डबा

धातूचा, पाच लिटरचा, घट्ट झाकणाचा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येतं, पण भांडं धातूचं असेल तर ते २५ लिटरपेक्षा मोठं नको आणि काचेचं असेल तर एक लिटरपेक्षा मोठं नको. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला त्यात जागा नाही. भरताना डबा जमिनीवर ठेवा.

२. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते मोजा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे नीट वाचा.

फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) असलेलं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच आहे. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. तो हाताने जुळवायचा असलेल्या मशिनांना १० टक्क्यांहून जास्त इथेनॉल चालत नाही, असं मशिनं बनवणारी स्टिल कंपनी सांगते. हुस्कवर्ना या दुसऱ्या कंपनीची मर्यादाही ई१०, म्हणजे १० टक्के, हीच आहे. कार्बोरेटर स्वतः जुळवून घेणाऱ्या महागड्या मशिनांची गोष्ट वेगळी, त्यांचं पुस्तक पाहा. आपल्याकडच्या बहुतेक मशिनांचा कार्बोरेटर स्क्रूवाला असतो.

इथेनॉल तीन प्रकारे त्रास देतं. पहिलं म्हणजे त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो. जुळणी कमी इथेनॉलच्या जुन्या पेट्रोलवर केलेली असेल तर ई२० वर तेच मशीन लीन, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी अशा स्थितीत चालतं. लीन म्हणजे गरम. दुसरं, जुन्या रबराच्या नळ्या, प्रायमरचा (सुरू करण्याआधी दाबून पेट्रोल ओढायचा) फुगा आणि कार्बोरेटरचा पडदा फुगतो, कडक होतो, मग चिरतो. तिसरं सगळ्यात वाईट आणि आपल्या पावसाळ्यात नेमकं तेच घडतं: इथेनॉल पाणी ओढतं. ओलं नरसाळं, अर्धा रिकामा डबा, पावसात उघडलेली टाकी, एवढं पुरे. पाणी ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की मिश्रण फुटतं. इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं आणि २टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला फिल्टर वजनाने तळालाच पडलेला असतो. म्हणजे मशीन जे ओढतं त्यात ऑइल जवळजवळ नसतंच. पूर्ण वेगात असलेला पिस्टन अशा इंधनावर फार टिकत नाही. ओरखडे आधी सायलेन्सरच्या बाजूला उठतात. सायलेन्सर काढून टॉर्च मारला की दिसतात.

‘आमच्याकडचं पेट्रोल चांगलं आहे’ या बोलण्याला काही अर्थ नाही. मोजा. लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून १०० मिलिची खुणांची नळी आणा. १० मिलि पाणी घाला, त्यात खायच्या रंगाचा एक थेंब टाका म्हणजे थर स्पष्ट दिसेल. १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरा. झाकून पंधरा-वीस सेकंद हलवा, झाकण जरा सैल करून दाब जाऊ द्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. हे उघड्यावर करायचं, चूल आणि विडी दोन्ही लांब. रंगीत थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास आला तर १० टक्के. २७-२८ वर गेला तर ई२०. चाचणी ऑइल घालण्यापूर्वी करा आणि नळीतलं पेट्रोल परत डब्यात ओतू नका.

३. मग कोणतं घ्यायचं

इंडियन ऑइलचं एक्सपी१०० हे १०० ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमता) पेट्रोल शहरांतल्या मोजक्या पंपांवर मिळतं आणि ते इथेनॉलविरहित म्हणून ओळखलं जातं. तरीही वरची चाचणी करा. त्याची किंमत बरीच जास्त आहे आणि १०० ऑक्टेनची ग्रासकटरला गरज नाही. आपण पैसे मोजतो ते इथेनॉल नसण्यासाठी. नुसता ‘प्रीमियम’ असा फलक वाचून ९५ ऑक्टेनचं पेट्रोल घेणं म्हणजे पैसे वाया, कारण त्यात इथेनॉल असतंच.

सगळंच महागडं घ्यायला परवडत नसेल तर निम्मं इथेनॉलविरहित आणि निम्मं ई२० एकत्र करा. इथेनॉल १० टक्क्यांवर येतं, मर्यादेत बसतं. मात्र इथेनॉल कमी झालं की पाणी सामावण्याची ताकदही कमी होते, त्यामुळे डबा आणि नरसाळं कोरडं ठेवण्यात ढिलाई चालणार नाही.

पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल ‘धुऊन’ काढायचा उपाय सांगणारे पुष्कळ आहेत. करू नका. इथेनॉल गेलं की ऑक्टेनही घसरतो आणि हातात राहतं ते ओलसर, हलकं पेट्रोल.

गावात ई२० शिवाय काहीच मिळत नसेल तर फक्त आठवड्यापुरतं मिश्रण करा आणि संध्याकाळी टाकी रिकामी करून मशीन आयडलवर, म्हणजे सर्वात मंद वेगात, आपोआप बंद पडू द्या. कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण वेगातलं पेट्रोल ठरवणारा) डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट, एक अष्टमांश फेरा सोडा. त्याआधी एअर फिल्टर साफ आणि मशीन गरम हवं. चेनसॉ दोन-तीन सेकंद पूर्ण वेगात रिकामी फिरवली तर आवाज थोडा भरडा, अडखळता यायला हवा आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ व्हायला हवा. रिकाम्या वेगात शिट्टीसारखा बारीक आवाज आला तर मशीन लीन आहे, लगेच बंद करा. स्क्रूवर मर्यादा घालणारी टोपी असेल तर ती पकडीने तोडू नका, अधिकृत दुकानात न्या. आठवडाभराने प्लग काढून पाहा: फिकट तपकिरी ठीक, पांढराफटक धोक्याचा.

४. ऑइल

जासो या जपानी मानकाचा एफडी दर्जा, नाहीतर किमान एफसी. डब्यावर हे छापलेलं नसेल तर घेऊ नका. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल बोटीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. मासेमारीच्या गावात ते सहज मिळतं म्हणून ग्रासकटरमध्ये ओतणं चूक.

५. मिसळणं

प्रमाण मशिनाच्या पुस्तकातलं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलि, ४०:१ म्हणजे २५, २५:१ म्हणजे ४०. पाठीवरच्या पुष्कळ फवारणी पंपांना २५:१ लागतं, म्हणून दोन मशिनांचा एकच डबा करू नका. डब्यावर प्रमाण आणि तारीख लिहा. मापाला मेडिकलमधली २० मिलिची सिरिंज घ्या. बाटलीच्या झाकणाने मोजणं बंद करा, कारण प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं.

‘थोडं जास्त ऑइल असलेलं बरं’ हा सल्लाही सोडा. ऑइल वाढलं की त्याच मापात पेट्रोल कमी होतं, म्हणजे मशीन आणखी लीन. शिवाय एक्झॉस्टचं तोंड आणि सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते.

निम्मं पेट्रोल, सगळं ऑइल, हलवा, उरलेलं पेट्रोल, परत हलवा.

६. फुटलेलं मिश्रण ओळखणं

मिश्रण महिन्याभरात संपवा, ई२० चं आठवड्यात. शंका आली तर डबा न हलवता तळाचं शंभर मिलि पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा, पाच मिनिटं ठेवून उजेडाकडे धरा. चांगलं मिश्रण एकाच रंगाचं, आरपार दिसणारं असतं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. वर ऑइलचा निळा-हिरवा रंग आणि खाली रंगहीन थर दिसला तर ते फुटलं. हलवलं की एक झाल्यासारखं दिसतं, पण स्थिर राहिलं की पुन्हा वेगळं होतं, म्हणून हलवून वापरू नका. वरचा थर ओतून घेऊन चालवायचा मोहही नको. त्यातलं इथेनॉल खाली गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन पडलेला असतो.

असं मिश्रण कोणत्याच इंजिनात घालू नका आणि वहाळात किंवा विहिरीजवळ ओतू नका. गॅरेजवाले पार्ट धुवायला ते घेतात. टाकी फुटलेल्या मिश्रणाने भरलेली होती असं कळलं, तर ती रिकामी करून ताज्या मिश्रणाने एकदा विसळा, टाकीतला फिल्टर बदला आणि प्रायमरचा फुगा आठ-दहा वेळा दाबून नळीतलं जुनं इंधन टाकीत परतवा, तेही ओतून द्या. मगच दोरीला हात लावा.