सामाजिक कार्याला हातभार लावणाऱ्या तरुण उद्योजकांच्या भेटवस्तू कशा निवडाव्यात

सणासुदीसाठी घेतलेल्या भेटवस्तूंपैकी काही जर एखाद्या शाळकरी मुलीने, महाविद्यालयातील मित्रांच्या गटाने किंवा नुकताच व्यवसाय मांडलेल्या तरुणाने तयार केलेल्या असतील आणि त्यांच्या विक्रीतून एखाद्या सामाजिक कामाला पैसे मिळत असतील, तर त्या खरेदीचे मोल नक्कीच वाढते. तरीही अशी खरेदी केवळ सद्भावनेच्या भरात करू नये. वस्तू घेणाऱ्याच्या खरोखर उपयोगाची आहे का आणि तिच्या किमतीतला किती पैसा नेमका कोठे जातो, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत. उद्योजक वयाने लहान आहे म्हणून संकोचाने ते टाळले, तर आपण त्याच्या व्यवसायाकडे कौतुकाची गोष्ट म्हणून पाहतो, व्यवसाय म्हणून नाही.

सर्वप्रथम मदतीची पद्धत समजून घ्यावी. सर्वांत परिचित पद्धत म्हणजे नफ्याचा किंवा विक्रीचा ठरावीक हिस्सा एखाद्या संस्थेला देणे. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात वाढलेल्या मिकायला उल्मर हिला वयाच्या चौथ्या वर्षी मधमाश्या चावल्या. मनात बसलेली भीती घालवण्यासाठी तिने त्यांची माहिती घ्यायला सुरुवात केली, त्यांची संख्या घटत असल्याचे तिला समजले आणि पणजीच्या जुन्या कृतीवरून जवस घालून केलेले, मधाने गोड केलेले लिंबू सरबत ती विकू लागली. पुढे ‘मी अँड द बीज’ या नावाने हा व्यवसाय मोठ्या दुकानांपर्यंत पोहोचला आणि नफ्यातील १० टक्के वाटा मधमाश्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देण्याचे धोरण तिने ठेवले. वस्तू आणि सामाजिक काम यांचे नाते येथे आपोआप जुळलेले आहे, कारण मधमाश्या नसतील तर मधही नाही. असे नाते जिथे दिसते तिथे विक्रीचा जोर ओसरला तरी मदतीचा हेतू टिकण्याची शक्यता अधिक असते, असे मला वाटते.

दुसऱ्या पद्धतीत व्यवसाय चालवणे हेच सामाजिक काम असते. डाऊन सिंड्रोम असलेल्या जॉन क्रोनिन या तरुणाने २०१६ मध्ये आपले वडील मार्क यांच्यासह न्यूयॉर्क राज्यात ‘जॉन्स क्रेझी सॉक्स’ ही रंगीबेरंगी मोज्यांची कंपनी सुरू केली. ती कमाईतील ५ टक्के रक्कम बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसाठी काम करणाऱ्या ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ या संस्थेला देते, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की तिच्या कर्मचाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण दिव्यांग आहेत. देणगीचा आकडा एखाद्या वर्षी कमी झाला तरी नियमित पगाराची नोकरी त्या माणसाचे रोजचे आयुष्य बदलत राहते. म्हणूनच भेटवस्तू निवडताना ‘किती टक्के देणगी’ याबरोबरच ‘ही वस्तू कोण बनवते आणि त्यांना मोबदला किती मिळतो’ हेही विचारावे.

‘एक घ्या, एक गरजूला जाईल’ ही तिसरी पद्धत ऐकायला सर्वांत आकर्षक असली तरी तिची सर्वाधिक चौकशी करणे आवश्यक आहे. ब्लेक मायकोस्की या तिशीच्या उंबरठ्यावरील उद्योजकाने २००६ मध्ये ‘टॉम्स’ ही कंपनी काढून बुटांच्या प्रत्येक जोडीमागे एक जोडी गरजू मुलाला देण्यास सुरुवात केली. त्याचा परिणाम ब्रूस विडिक आणि इतर अर्थशास्त्रज्ञांनी एल साल्वादोरमध्ये तपासला, तेव्हा मुलांच्या जीवनमानात फारसा ठळक फरक आढळला नाही. उलट बूट मिळालेल्या मुलांमध्ये, कुटुंबाच्या गरजा बाहेरच्यांनी भागवाव्यात असे मानणाऱ्यांचे प्रमाण अधिक दिसले. कंपनीने पुढे ही पद्धत सोडून नफ्यातील एक तृतीयांश हिस्सा सामाजिक कामासाठी देण्याचे ठरवले. त्यामुळे वस्तूच्या बदल्यात वस्तू देणाऱ्या तरुण उद्योजकाला, ती वस्तू तेथे खरोखर हवी आहे असे कोणी सांगितले, हे अवश्य विचारावे.

टक्केवारीचा हिशोब शांतपणे करून पाहावा. समजा एखाद्या वस्तूची किंमत १०० आहे आणि सर्व खर्च वजा जाता त्यात १२ नफा उरतो. ‘नफ्याच्या १० टक्के’ म्हणजे १.२० आणि ‘विक्रीच्या ५ टक्के’ म्हणजे ५. वरवर लहान दिसणारा दुसरा आकडा प्रत्यक्षात चौपटीहून मोठा आहे. शिवाय नव्या व्यवसायाला पहिली काही वर्षे नफाच होत नाही, तेव्हा नफ्यावर बेतलेली देणगी शून्यही असू शकते. त्यात लबाडी नाही, पण ग्राहकाला ते आधी माहीत असावे. ‘उत्पन्नाचा काही भाग’ अशी मोघम भाषा असेल तर नेमका आकडा, लाभार्थी संस्थेचे पूर्ण नाव, देणगीची मुदत आणि कमाल मर्यादा विचारावी. त्यानंतर त्या संस्थेकडेही एकदा चौकशी करावी, कारण आपल्या नावाने विक्री चालली आहे याची काही वेळा संस्थेलाच कल्पना नसते.

उद्योजक अल्पवयीन असेल तर पैशाचा आणि कागदपत्रांचा व्यवहार पालकांशी किंवा जबाबदार प्रौढ व्यक्तीशी करावा. मुलाचे छायाचित्र, शाळेचे नाव किंवा घराचा पत्ता भेटीसोबत किंवा समाजमाध्यमांवर पसरवू नये.

वस्तूचा दर्जा पाहताना सवलत देऊ नये. साबण, मलम किंवा खाद्यपदार्थ असल्यास घटकांची यादी, बनवल्याची तारीख आणि ॲलर्जीविषयीची सूचना वेष्टनावर असावी. मेणबत्ती असल्यास ती किती वेळ जळते आणि कशात ओतली आहे हे पाहावे. लहान मुलांची खेळणी असल्यास सुटे, गिळता येण्याजोगे भाग तपासावेत. शक्य असल्यास आधी एकच नग मागवून स्वतः वापरून पाहावा. तो आवडला नाही, तर सामाजिक कारण कितीही चांगले असले तरी ती भेट देऊ नये. तेवढी रक्कम थेट संस्थेला द्यावी. केवळ मदत पोहोचवणे हाच हेतू असेल तर तसाही तोच मार्ग सरळ आहे, कारण तेव्हा सगळी रक्कम संस्थेपर्यंत जाते.

मागणी लवकर नोंदवणे हे या खरेदीतले सर्वांत मोठे सहकार्य होय. अभ्यास आणि परीक्षा सांभाळून हाताने वस्तू बनवणाऱ्यांना ऐन सणाच्या तोंडावर आलेली शंभर नगांची मागणी पेलत नाही. कार्यालयासाठी एकगठ्ठा खरेदी असेल तर महिना-दोन महिने आधी बोलावे, कच्चा माल घेता यावा म्हणून काही रक्कम आगाऊ द्यावी आणि उरलेली माल हाती येताच चुकती करावी. थकलेल्या पैशांनी छोटा व्यवसाय फार लवकर अडचणीत येतो. भावात घासाघीस करू नये, कारण कमी केलेली किंमत बहुधा बनवणाऱ्याच्या मेहनतान्यातून किंवा देणगीतूनच वजा होते.

भेटीसोबत वस्तू कोणी बनवली आणि तिच्यामागे कोणते काम आहे हे सांगणाऱ्या दोन-तीन ओळी पुरेत. लांबलचक निवेदनाने भेट घेणाऱ्यावर उपकाराचे ओझे पडते. सण उलटल्यावर मात्र उद्योजकाला वस्तू कशी वाटली ते मोकळेपणाने कळवावे, त्रुटी असतील तर त्याही सांगाव्यात आणि त्या हंगामात संस्थेला एकूण किती रक्कम पोहोचली याची पावती किंवा हिशोब मागावा. तो मिळाला, तर पुढच्या सणाची मागणी त्याच वेळी नोंदवून ठेवता येते.