एसीतून कुबट वास येतोय? मग या चुका टाळा

जुलैमधे मुलीचा खोकला काही केल्या जाईना आणि एसी लावला की पहिली दोन मिनिटं ओल्या पायपुसण्यासारखा वास यायचा, म्हणून मी फ्लॅप हाताने उघडून आत मोबाईलचा टॉर्च मारला तर आतल्या गोल ब्लोअरच्या प्रत्येक पात्यावर काळे ठिपके, बोट फिरवलं तर काळा चिकट थर बोटाला. आणि फिल्टर मात्र मी दर पंधरा दिवसांनी धूत होते!

इथेच बहुतेकांची चूक होते. फिल्टर फक्त धूळ अडवतो, बुरशी धरते ती त्याच्या मागे, कूलिंग कॉइल (हवा थंड करणाऱ्या नळ्या-पत्र्यांची जाळी), ब्लोअर आणि पाण्याच्या ट्रेमधे, कारण तिथे कायम ओल असते आणि अंधार. मुंबई कोकणात पावसाळ्यात कपाटातल्या चपला हिरव्या होतात तिथे एसी कसा सुटेल. धुतलेला फिल्टर ओलाच परत बसवला तर अजून भर, सावलीत पूर्ण वाळू द्या.

दुसरी मोठी चूक म्हणजे रिमोटने बंद केलं की लगेच मेन स्विच बंद करणं. कॉइल तेव्हा पाण्याने भिजलेली असते आणि तशीच बंद पेटीत राहते. बंद करण्याआधी २०-३० मिनिटं नुसता फॅन मोड लावा, आतलं वाळतं. नवीन मशीनमधे ऑटो क्लीन असतं, ते बंद केल्यावरही थोडा वेळ पंखा फिरवतं, लोकांना वाटतं बिघडलाय आणि मेन स्विच बंद करतात. प्लीज करू नका. पावसाळ्यात १८ वर ठेवण्यापेक्षा ड्राय मोड (हवेतली ओल कमी करणारा) किंवा २५-२६ बरं, १८ वर फ्लॅपवरच पाणी धरतं.

वास घालवायला आत परफ्यूम, रूम फ्रेशनर मारू नका, बुरशी तशीच राहते. ब्लीच तर अजिबात नको, कॉइलचं अॅल्युमिनियम खराब होतं आणि वाफ नाकात जाते. घरी पाण्याचा पाइप लावून धुण्याचा प्रयत्नही नको, बाजूलाच सर्किट बोर्ड असतं.

सर्व्हिसवाल्याला "जेट पंपने वेट सर्व्हिस, ब्लोअर आणि ट्रे सकट" (म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आतून धुणं) असं स्पष्ट सांगा, नाहीतर फिल्टर झटकून पैसे घेऊन जातात (आमच्याकडे दोनदा झालं). काम चालू असताना मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा.

एवढं करूनही महिन्याभरात वास परत आला तर ड्रेन पाइप (एसीचं पाणी बाहेर नेणारा) बघा. आमच्या पाइपचं टोक बाल्कनीतल्या बादलीत बुडलेलं होतं, त्यामुळे पाणी ट्रेमधे तुंबायचं. टोक वर घेतलं, पाइपला उतार दिला, वास गेला. आणि हो, घरात दमा असलेलं कोणी असेल आणि त्रास वाढला असेल तर सर्व्हिस होईपर्यंत एसी लावूच नका, डॉक्टरांनाही सांगा.