जुन्या जीसीसीवर सिक्युरिटी फ्लॅग अडला तर काय करायचं

इंदूरला बऱ्याच ऑफिसांत जुना सर्व्हर अजून धडधडतोय, त्यावर जीसीसी (सी प्रोग्रामचा कंपायलर) ४.८ असला आणि त्याला न कळणारा सिक्युरिटी फ्लॅग (कंपायलरला दिलेला संरक्षणाचा पर्याय) दिला की बिल्ड "अनरेकग्नाइज्ड कमांड लाइन ऑप्शन" म्हणत अडतो. पण भिया, फ्लॅग सरसकट उडवू नका, नव्या मशीनचं संरक्षणही जातं. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) आधी रिकाम्या मेन फंक्शनचा प्रोग्राम त्या फ्लॅगने कंपाइल करा, लिंकपण करा (तुकडे जोडून चालणारी फाइल बनवा), कारण कधीकधी कंपाइल होतं आणि लिंकर रडतो, दोन्ही जमलं तरच फ्लॅग जोडायचा. स्टॅक-प्रोटेक्टर-स्ट्राँग (स्टॅक मेमरीत हद्दीबाहेर लिहिलं गेलं तर पकडणारा फ्लॅग) मूळ जीसीसीत ४.९ पासून आलाय, नसेल तर स्टॅक-प्रोटेक्टर-ऑल लावा, थोडं स्लो होईल, होऊ द्या. स्टॅक-क्लॅश-प्रोटेक्शन (स्टॅक दुसऱ्या मेमरीवर आदळू नये म्हणून) मूळ जीसीसीत ८ च्या आधी नाही, तिथे सोडा, पण लॉगमध्ये तसं छापा. क्लँग (दुसरा एक कंपायलर) काही फ्लॅगवर नुसती वॉर्निंग देऊन पुढे सरकतो, म्हणून चेक करताना डॅश-डब्ल्यू-एरर (वॉर्निंगलाही एरर मानणारा फ्लॅग) हवाच.