डिप्पर मिणमिणतो? बल्ब घेण्याआधी व्होल्टेज मोजा

पाच-सात वर्षांच्या गाडीचा डिप्पर रस्त्यावर पडेनासा झाला की पहिली धाव बल्बच्या दुकानाकडे जाते. तिथे '100/90 टाका, फरक पडेल' असा सल्ला मिळतो, म्हणजे अप्परला 100 आणि डिप्परला 90 वॅटचा बल्ब. फरक पडतोही, पण महिन्या-दोन महिन्यांत होल्डर वितळतो नाहीतर स्टिअरिंगखालचा स्विच जळतो. प्रकाश बहुतेक वेळा आधी काचेत, वायरिंगमध्ये आणि चुकलेल्या फोकसमध्ये हरवलेला असतो. म्हणून कामही त्याच क्रमाने करायचं. इथलं सगळं एच-4 बल्बच्या, म्हणजे अप्पर-डिप्पर एकाच बल्बमध्ये असलेल्या साध्या रिफ्लेक्टर हेडलाइटबद्दल आहे. वॅगन-आर, ऑल्टो, बोलेरो अशा असंख्य गाड्यांना हीच पद्धत आहे.

काच

पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी, धुरकट होते. अशा काचेमागे कितीही वॅट लावले तरी प्रकाश पुढे जाण्याऐवजी काचेतच पसरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. कडेच्या रंगाला मास्किंग टेप लावा. मग 800, 1500 आणि शेवटी 2000 नंबरचा वॉटर पेपर भरपूर पाणी घालत फिरवा. त्यावर रबिंग कंपाउंड आणि शेवटी यूव्ही रोखणारा क्लिअर कोट. हा कोट टाळला तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. टूथपेस्टने घासणं हा याच कारणाने दोन-चार आठवड्यांचा खेळ ठरतो. आतल्या रिफ्लेक्टरचा चकाकता थर उडाला असेल तर मात्र घासून काही होत नाही, अख्खी लाइट बदलावी लागते. तो थर चांगला असेल तर आत फडकं घालून पुसू नका. ॲल्युमिनियमचा तो मुलामा फार पातळ असतो, ओरखडे पडतात.

व्होल्टेज

इंजिन चालू, डिप्पर चालू. मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा, साधारण 13.8 ते 14.2 व्होल्ट दिसतील. मग बल्ब जोडलेलाच ठेवून कपलरच्या, म्हणजे बल्बला लागणाऱ्या प्लगच्या, मागून डिप्परची पिन आणि कॉमन (अप्पर-डिप्पर दोन्हींची सामाईक) पिन यांच्यात मोजा. कपलर काढून मोजलं तर करंट वाहत नाही, त्यामुळे मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि फसगत होते.

दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक असेल तर वायरिंग ठीक आहे. जास्त असेल तर 'करंट कमी येतोय' असं इलेक्ट्रिशियन म्हणतो, ते हेच. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, त्याहून खूप वेगाने घटतो. बॅटरीवर 13.8 आणि बल्बवर 12.4, म्हणजे व्होल्टेज दहा टक्के कमी, तर प्रकाश जवळपास तीस टक्के कमी. आता याच बारीक वायरवर 55 ऐवजी 90 वॅटचा डिप्पर लावला, तर करंट दीडपटीहून अधिक होतो. वायरमधली घटही त्याच प्रमाणात वाढून 1.4 व्होल्टची सव्वादोनच्या आसपास जाते. बल्ब जास्त खातो, पण त्याला मिळतं कमी. उरलेलं वायर, कपलर आणि स्विच यांच्या तापण्यात जातं.

यावर उपाय रिले, म्हणजे मूळ स्विचच्या छोट्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट जाड वायरीतून थेट बल्बला देणारा वेगळा स्विच. तो लावण्याआधी अर्थिंग तपासा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बल्बच्या अर्थ पिनेपर्यंत 0.2 व्होल्टहून जास्त दिसलं, तर बॉडीला जोडलेला अर्थचा बोल्ट काढा, पत्रा घासून स्वच्छ करा, पुन्हा आवळा. कोकणात, किनाऱ्याजवळ फिरणाऱ्या गाडीचं अर्धं दुखणं इथेच सापडतं.

रिले आणि वायर

तयार वायरिंग किट मिळतं, पण डोळे झाकून घेऊ नका. वर जाड प्लास्टिक आणि आत मोजक्याच तारा, असली वायर खूप विकली जाते. टोक सोलून तांबं पाहा. मुख्य वायर 2.5 चौरस मिलिमीटरची हवी. दोन रिले लागतात, एक डिप्परचा, एक अप्परचा, 12 व्होल्ट, 30 किंवा 40 अँपिअरचे. 60/55 वॅटच्या दोन बल्बना डिप्परवर सुमारे 9 आणि अप्परवर 10 अँपिअर लागतात, म्हणून प्रत्येक रिलेला वेगळा 15 अँपिअरचा फ्यूज. दोन्हींना मिळून एकच फ्यूज ठेवला आणि तो घाटात उडाला, तर समोर पूर्ण अंधार. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा. फ्यूजच्या अलीकडची वायर घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं काही नसतं.

जोडणी अशी: रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला फ्यूजमधून बॅटरीचा पॉझिटिव्ह, 87 वरून दोन्ही बल्बना पुरवठा, आणि 85-86 ला गाडीच्या मूळ कपलरमधून इशारा. इथे बरेच जण चुकतात. काही गाड्यांत, विशेषतः जपानी घडणीच्या, स्विच पॉझिटिव्ह नाही तर निगेटिव्ह जोडतो. कॉमन पिनेला पॉझिटिव्ह असतो आणि डिप्पर-अप्परच्या पिना अर्थ होतात. अशा गाडीत रिलेचं एक टोक बॉडीला अर्थ केलं तर रिले हवा तसा चालत नाही. म्हणून कॉइल, म्हणजे 85-86 ची टोकं, बॉडीला न देता मूळ कपलरच्याच कॉमन आणि डिप्पर पिनेत जोडा, तशीच दुसरी कॉमन आणि अप्परमध्ये. मग पद्धत कुठलीही असो, चालते. रिलेच्या आत डायोड असेल तर मात्र पॉझिटिव्ह-निगेटिव्हची दिशा पाळावी लागते. बल्ब गेल्याची सूचना डॅशवर देणाऱ्या, कंप्युटरवरून लाइट चालवणाऱ्या नव्या गाड्यांत हा प्रयोग नको.

मूळ वायर कापू नका, कपलरला कपलर लावा. वॉरंटीतली गाडी असेल तर हे आणखी महत्त्वाचं. रिले तोंड खाली करून बसवा, पाणी साचत नाही.

बल्ब

एवढं केल्यावर साधा 60/55 सुद्धा नव्यासारखा पडतो. तरी आणखी प्रकाश हवा असेल तर त्याच वॅटचा जास्त उजेडाचा बल्ब घ्या. खोक्यावरचे शंभर, दीडशे टक्के रस्त्यावरच्या ठरावीक बिंदूंवरचे असतात, एकूण प्रकाश तेवढा वाढत नाही. फिलामेंट जास्त तापवून तो मिळवलेला असतो, त्यामुळे आयुष्य कमी. निळ्या काचेचा बल्ब टाळा. निळा थर पिवळा-लाल प्रकाश अडवतो. पांढरा दिसतो, पण पावसात ओल्या डांबरावर काही दिसत नाही.

100/90 च्या बऱ्याच खोक्यांवर रस्त्यावर वापरू नये असं छापलेलं असतं, तिकडे दुर्लक्ष होतं. अप्परला दोन्ही मिळून जवळपास 17 अँपिअर, सिरॅमिक होल्डर नसेल तर तो वितळणारच. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182ए नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

एलईडीचा मोह समजतो. पण एच-4 चा रिफ्लेक्टर बारीक फिलामेंट नेमक्या जागी आहे असं धरून आखलेला असतो. डिप्परच्या फिलामेंटखाली एक छोटी वाटीही असते, तीच वर जाणारा प्रकाश अडवते. चिप थोडी जाड किंवा पुढे-मागे असली की प्रकाशाची कड मोडते आणि समोरचा अप्पर मारून शिव्या घालतो. शिवाय मागचा पंखा रबरी टोपीत बसत नाही. टोपी कापली की पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी. आमचं मत स्पष्ट आहे: या काचेत एलईडी नको.

बसवताना लाइट बंद करून दहा मिनिटं थंड होऊ द्या. कपलर, रबरी टोपी, स्प्रिंग क्लिप या क्रमाने काढा. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तापून काच तिथेच तडकते. लागलंच तर स्पिरिटने पुसा. एच-4 चे तीन कान सारखे नसतात, एकाच स्थितीत बसतात. जोर लावावा लागत असेल तर फिरवून बघा. टोपीवर 'टॉप' लिहिलेली बाजू वर.

फोकस

बल्ब बदलला आणि फोकस पाहिला नाही, तर काम अर्धंच. चाकांत योग्य हवा, टाकी अर्धी, चालकाच्या जागी एक जण, आणि डॅशवरचं लेव्हलिंगचं (लाइट वर-खाली करण्याचं) चाक असेल तर शून्यावर. सपाट जागेत भिंतीपासून बरोबर 5 मीटरवर गाडी उभी करा. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर टेप लावा. हेडलाइटवर 1 टक्का लिहिलं असेल, तर डिप्परची वरची कड टेपच्या 5 सेंटिमीटर खाली हवी. आकडा वेगळा असेल तर तो धरा. आपल्याकडे डावीकडून चालायचं, म्हणून कड डाव्या बाजूला वर चढलेली दिसते. ती उजवीकडे चढत असेल तर लाइट परदेशी बाजारातली आहे, स्क्रूने सुधारणार नाही.

फॉग लॅम्प

इथे वॅट वाढवण्याचा मोह सर्वांत महागात पडतो. फॉगच्या बल्बमध्ये एच-8 हा 35, एच-11 हा 55 आणि एच-16 हा 19 वॅटचा. बूड एकसारखं वाटतं, पण खाचा वेगळ्या ठेवल्यात त्या मुद्दाम. कान घासून 19 च्या जागी 55 बसवणारे आहेत. छोट्या प्लास्टिकच्या डब्यात तो बल्ब रिफ्लेक्टर भाजून काढतो. आणि तापलेल्या काचेवर डबक्याचं गार पाणी उडालं की काच तडकते.

आंबोली, माळशेज, ताम्हिणीच्या पावसाळी धुक्यात ताकदीपेक्षा जागा आणि रुंदी कामाला येते. प्रकाश खाली आणि आडवा पसरला तर धुक्यावरून परतून डोळ्यांत कमी येतो. म्हणून कड 5 मीटरवर लॅम्पच्या मध्यापेक्षा 7 ते 10 सेंटिमीटर खाली ठेवा. पिवळा बल्ब अनेकांच्या डोळ्यांना कमी टोचतो, हवा तर मूळ वॅटचाच घ्या. कोरड्या रात्री फॉग बंद ठेवा. पुढचे दहा फूट लख्ख उजळले की बाहुली आकसते आणि दूरचं कमी दिसतं.

शंभरेक किलोमीटर चालल्यावर बोनेट उघडून अर्धा तास डिप्पर चालू ठेवा आणि होल्डरजवळच्या वायरीला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर पिन सैल आहे. काढलेला जुना बल्ब चालू असेल तर फ्यूजच्या दोन जादा तुकड्यांसह कापडात गुंडाळून डॅशच्या कप्प्यात टाका.