छातीच्या ओपीडीत नव्याने बसणाऱ्यांसाठी

फुप्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण बहुधा खोकल्याचं औषध मागायलाच येतो. म्हणून नव्या रेसिडेंट्सना मी आधी एकच सांगते: खोकला किती दिवसांचा हे विचाराच, पण तो बदललाय का हेही विचारा. बरीच वर्षं सिगारेट ओढणारा माणूस ‘हा माझा नेहमीचाच’ म्हणून मोकळा होतो. सोबत आलेल्या बायकोला विचारलं की कळतं, हल्ली रात्री उठून बसतात, परवा थुंकीत लाल रेघ होती. खोकला तीन आठवड्यांवर गेला असेल किंवा रक्त एकदाच का पडेना, एक्स-रे काढल्याशिवाय घरी पाठवू नका.

बोटं बघायची सवय लावून घ्या. दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख टेकवून उजेडात धरायला सांगायची. मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसली पाहिजे. ती बुजली असेल तर क्लबिंग, म्हणजे बोटांची टोकं फुगलेली. शॅमरॉथ या हृदयरोगतज्ज्ञांनी ही खूण स्वतःच्याच बोटांवर टिपली होती. क्लबिंगची कारणं इतरही आहेत, पण खोकल्यासोबत दिसलं तर पुढे तपासलंच पाहिजे.

आवाज बसलाय म्हणून नुसता घसा बघून सोडू नका. स्वरयंत्राची डावी नस छातीत उतरून महाधमनीखालून परत वर जाते. वाटेत गाठीने दाबली की आवाज घोगरा होतो. फुप्फुसाच्या शेंड्यावरची गाठ तर खांदेदुखी म्हणूनच फिरत राहते. त्या बाजूची पापणी खाली आलीय का, बाहुली लहान झालीय का, बघा. चेहरा सुजलेला आणि मानेच्या शिरा फुगलेल्या असतील तर त्याच दिवशी दाखल करा.

न्यूमोनिया पुन्हा त्याच जागी झाला, तर मागे काहीतरी अडलंय असं धरून चाला. एक्स-रे नॉर्मल आला तरी शंका असेल तर सीटी मागा. हृदयाच्या किंवा गळपट्टीच्या हाडाच्या आड गाठ लपते. क्षयरोगाची औषधं चालू आहेत, थुंकीत जंतू कधी सापडलेच नाहीत आणि वजन उतरतच चाललंय, अशा रुग्णाची बायोप्सी लांबवू नका. कधीच सिगारेट न ओढलेल्यांनाही हा आजार होतो, स्त्रियांनाही.

आणि केसपेपरवर नुसतं ‘स्मोकर’ लिहू नका. रोज किती पाकिटं, किती वर्षं, हे लिहा. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, खूप धूम्रपान केलेल्यांची दरवर्षी कमी मात्रेची सीटी केल्यावर या कर्करोगाचे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत 20 टक्क्यांनी घटले. लक्षणं नसतानाही ही तपासणी कुणाला सुचवायची, ते ठरवताना पाकिटांचा आणि वर्षांचा हाच आकडा लागतो.